शिवदासची तार आणि रतनची तब्येत

एकोणीसशे अठ्ठावन्न साली आक्षीच्या कोळीवाड्यात परदेशाशी थेट संबंध असलेला एकच माणूस होता, तो म्हणजे शिवदास. लढाईच्या दिवसांत तो नेव्हीत तारायंत्रावर होता. सुटून आल्यावर अलिबागेत कस्टमच्या कचेरीत चिकटला आणि हळूहळू मुंबईच्या चोरबाजारातून लष्कराचं टाकाऊ सामान आणून त्याने घराच्या पडवीत एक रेडिओयंत्र उभं केलं. आपल्या रेडिओसारखं नुसतं ऐकायचं नव्हे, त्यावरून बोलायचंही. सरकारकडून रीतसर परवाना काढला आणि काचेत घालून एकविरेच्या तसबिरीशेजारी टांगला. त्याची बायको रतन दोघांनाही सारखीच उदबत्ती ओवाळायची. देवी रागावली तर तिची समजूत काढता येते, सरकारचं काय सांगावं, असं तिचं म्हणणं.

अशी यंत्रं बाळगणारे हौशी लोक जगभर आहेत. संध्याकाळ झाली की ते एकमेकांना हाका मारतात. हाक पोचली की विचारतात, माझा आवाज कसा येतो? समोरचा सांगतो, चांगला येतो, माझा कसा येतो? मग दोघंही समाधानाने निरोप घेतात. कोळीवाड्याला याचं फारसं नवल वाटलं नाही. एका होडीवरून दुसऱ्या होडीवर माणसं तेवढंच तर ओरडतात. शिवदासची होडी जरा लांब होती, इतकंच.

सगळ्यात लांबची होडी एमिलची. हिंदी महासागरात एक बेट आहे. नकाशात पाहिलं तर तिथे माशी बसून गेली असावी असं वाटतं. त्या बेटावर हवामानाचं ठाणं होतं आणि ठाण्यावर एमिल होता. त्याची भाषा फ्रेंच, शिवदासची कोळी. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे गैरसमजाला जागाच नव्हती. दर शुक्रवारी दिवेलागणीला त्यांची गाठ पडायची. एमिल तिकडचा वारा सांगायचा, शिवदास इकडची मासळी सांगायचा, आणि शेवटी एमिल विचारायचा, "रतन कशी आहे?" कारण पहिल्याच शुक्रवारी मागून रतनचा आवाज त्याच्या कानावर गेला होता. हे कोण बोलतंय असं त्याने विचारलं आणि शिवदासने खरं ते सांगितलं होतं, की बायको आहे, जेवायला बोलावते आहे, तिसऱ्यांदा. तेव्हापासून एमिलला रतनबद्दल फार आदर. बेटावर त्याला एकदाही कुणी जेवायला बोलावलेलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर रतनला विषमज्वर झाला. अलिबागच्या इस्पितळात नेलं तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. त्या शुक्रवारी शिवदास कपडे न्यायला घरी आला होता. तेवढ्यात यंत्र लावून त्याने एमिलला दोन वाक्यं सांगितली. रतन इस्पितळात आहे. फार वाईट आहे. एमिल म्हणाला, "मला कळव. मी वाट बघीन." मग शिवदासने घराला कुलूप घातलं आणि तो जो गेला तो पुढचे शुक्रवार इस्पितळाच्या बाकावरच बसला.

रतन वाचली. अर्धी होऊन आली, केस गेले, पण आवाज शाबूत होता. पहिल्याच संध्याकाळी तिने पडवीतल्या धुळीवरून त्याला झाडलं आणि शिवदासला देव पावल्यासारखं वाटलं. शुक्रवार आला. त्याने यंत्र लावलं. एमिलचा आवाज आला, अगदी खणखणीत. पण सोबत आख्ख्या जगाचा गलका होता.

झालं होतं असं, की मधल्या काळात कुठल्याशा अमेरिकन मासिकात एमिलच्या बेटाचं नाव छापून आलं होतं. हौशी लोकांत जितकं बेट दुर्मिळ तितकं त्याच्याशी बोलण्यात मोठेपण. काल कुत्रं विचारत नव्हतं त्या एमिलला आता जपानपासून ब्राझीलपर्यंतचे लोक एकदम हाका मारत होते. सगळे एकाच जागी ओरडल्यावर एमिल काय बोलतो ते कुणालाच ऐकू येईना. बंदरावर लिलावात सगळी गिऱ्हाइकं लिलाव पुकारणाऱ्याच्याच तोंडावर ओरडली तर जे होतं, ते. म्हणून एमिलने रिवाजाप्रमाणे तोड काढली होती. तो रेडिओच्या काट्यावर एका जागी बोलायचा आणि सांगायचा, "तुम्ही इथे बोलू नका. थोडं वर सरका, मी तिथे ऐकतो." म्हणजे बोलण्याची जागा वेगळी, ऐकण्याची वेगळी.

आणि त्या शुक्रवारी, गर्दीला हात घालण्याआधी, एमिलने विचारलं, "शिव, भारतातला शिव. रतन कशी आहे? बाकी सगळ्यांनी गप्प राहा. शिव, मी वर ऐकतोय."

जग गप्प राहिलं. शिवदासने काटा वर सरकवला आणि तोंड उघडलं. "रतन बरी आहे! रतन घरी आली!"

एमिल थांबला. पुन्हा विचारलं. पुन्हा थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ठीक. पुढच्या शुक्रवारी," आणि जपानकडे वळला.

शिवदास इतक्या जोरात ओरडला होता की नागावच्या वेशीवर बैल बुजला म्हणतात. पण एमिलला काही पोचलं नव्हतं.

आता शिवदासच्या यंत्रातून बाहेर अंगणात टांगलेल्या एरियलच्या तारेकडे जाणाऱ्या जोडणीत त्याने टॉर्चचा एक बारका दिवा बसवला होता. तारेत जोर चांगला गेला की दिवा लख्ख पेटायचा, नाही गेला की मिणमिणायचा. जुन्या जागेवर, म्हणजे जिथे एमिल बोलत होता तिथे, दिवा लख्ख. वरच्या जागेवर, म्हणजे जिथे एमिल ऐकत होता तिथे, काजव्याइतका. ऐकणाऱ्याचे कान होते तिथेच नेमका शिवदासचा आवाज बसत होता.

मग शोध सुरू झाला. आधी संशय बॅटरीवर आला. यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालायचं, ती सायकलवर घालून अलिबागच्या गॅरेजात चार्ज करून आणली. दिवा मिणमिण. मग व्हॉल्व्हवर. मुंबईच्या एका मित्राकडून दुसरा आणवला. मिणमिण. मग खाऱ्या हवेवर संशय आला आणि यंत्रातला प्रत्येक जोड पॉलिशपेपरने घासून झाला. हवेतून ओळख झालेल्या हौशी मंडळींनी सल्ले दिले. मद्रासवाला म्हणाला कॉइल बदल. दिल्लीवाला म्हणाला कॉइल अजिबात बदलू नकोस. कलकत्तेवाला म्हणाला मला असं कधी झालं नाही, आणि यातच सल्ला आला असं समजून निघून गेला. निरोप तुम्हीच एमिलला द्या म्हणावं, तर त्या गलक्यात यांच्यापैकी कुणाचाच नंबर लागत नव्हता.

शिवाय दुखणं एकसारखंही नव्हतं. आज दिवा मिणमिणतोय, उद्या थोडा बरा, परवा जवळजवळ ठीक, आणि तेरवा पुन्हा मेल्यासारखा. शिवदासने इस्पितळात ताप चढता-उतरताना पाहिला होता. यंत्रालाही विषमज्वर झाला की काय, अशी त्याला शंका येऊ लागली.

बाहेरची तारही त्याने पाहिली. ही तार म्हणजे त्याच्या यंत्राचं तोंड. तिचं एक टोक माडाला बांधलेलं, दुसरं अंगणात पुरलेल्या जुन्या डोलकाठीला, कप्पीवरून, शीड चढवावं तशी तार वर चढवता-उतरवता येईल असं. तार तुटली का, कुठे माडाच्या झावळीला लागते का, हे बघायला तो दिवसातून तीनदा मान वर करून उभा राहायचा. त्याचं बघून आम्हीही राहायचो.

"कान्हा, तुजी नजर चांगली. बघ रं, तारंला काय लागलंय का?"

कान्हा भजनी मंडळाचा मृदंग वाजवायचा आणि दुपारी मोकळा असायचा. त्याने डोळ्यांवर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"काय न्हाय. बोंबील हायत."

"ते दिसतंय रं. दुसरं काय?"

"दुसरं काय न्हाय."

आणि दोघंही खरंच समाधानाने खाली बसले.

बाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही. बोंबलाच्या हंगामात कोळीवाड्यात बोंबील कुठे नसतात? दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दारात दोऱ्या, अंगणात दोऱ्या, देवळामागे दोऱ्या, सगळीकडे पांढऱ्या झालरी. आणि हंगामात कुणाची दोरी रिकामी दिसली तर शेजारणीने त्यावर आपला माल टाकायचा, हा रिवाज. विचारायचं नसतं. रिकामी दोरी उन्हात ठेवणं हे भरल्या घरात चूल थंड ठेवण्यासारखं. तेव्हा उंच वाऱ्यावर ताणलेली एवढी झकास तार कोळीवाड्याने मोकळी सोडली असती तर तेच आश्चर्य होतं. शिवदासला तारेवर घार दिसली असती तर त्याने ती हाकलली असती. बोंबील त्याला दिसत होते, पण आपल्याला आपलं नाक दिसतं तसे.

पुढच्या शुक्रवारी एमिलने पुन्हा विचारलं. पुन्हा जगाला गप्प बसवलं. पुन्हा काही ऐकू न येऊन म्हणाला, "शिव, पुढच्या शनिवारी बोट येते. मी घरी चाललो. कायमचा. तिथे माझ्याकडे यंत्र नसेल. पुढचा शुक्रवार शेवटचा." मग म्हणाला, "रतनसाठी मी प्रार्थना केली आहे." ती कुठल्या प्रकारची प्रार्थना, ते त्याच्या आवाजावरून कळत होतं.

रतन पडवीच्या दारात उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण स्वतःचं नाव कळत होतं.

"काय म्हनला?"

शिवदासने सांगितलं.

"मंग पत्र घाला."

"बेटावर टपाल बोटीनं जातं. आनि ती बोटच त्याला घेऊन जानार. घरचा पत्ता मला ठावं न्हाय."

रतन उंबऱ्यावर बसली. "म्हंजे तो जल्मभर समजनार, मी मेली."

"तसं न्हाय..."

"तसंच. तुमी दोन शब्द बोललाव आनि गप झालाव. मानूस दुसरं काय समजंल? मी हितं बसून भाकरी खाते, आनि तो तिकडं माजं सुतक पाळतोय." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "आवो, मला इस्पितळात बगायला माजा सख्खा भाऊ आला न्हाय. ह्यो दर शुक्रवारी इचारतो. त्याला असा घोर लावून धाडू नगा."

त्यानंतर शिवदास कचेरीतही गप्प असायचा. साहेबाला वाटलं बढती हवी आहे.

गुरुवारी देवळात भजन होतं. शिवदासला रतननेच ढकललं, घरात बसून यंत्राकडे बघत राहू नका म्हणून. तो कोपऱ्यात जाऊन बसला. कान्हा मृदंग लावत होता. त्याने भिजवलेली कणीक घेतली, मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापली आणि थाप मारली. आवाज खाली गेला, भरदार झाला. मंडळींनी गजर सुरू केला. दोनतीन अभंग झाले. गर्दीच्या उकाड्याने म्हणा किंवा कान्हाच्या उत्साहाने म्हणा, कणीक सुकत आली आणि मृदंगाचा आवाज वर चढू लागला. कान्हाने पाण्याचं बोट लावलं. आवाज पुन्हा खाली.

शिवदास उभा राहिला.

"बस रं," कोणीतरी म्हणालं, "आरती व्हायचीय."

"कान्हा, कनीक सुकली की सूर चढतो?"

कान्हाने हात न थांबवता त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "मंग काय उतरंल?"

शिवदास चप्पल न घालता घराकडे पळाला. तिन्हीसांज व्हायची होती, उजेड होता. तो डोलकाठीखाली उभा राहिला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या तारेवरचे बोंबील पाहिले.

तारेलाही सूर असतो. तिच्या लांबीप्रमाणे ती काट्यावरच्या एका जागी उत्तम गाते. शिवदासने तिची लांबी मापून ती अशी लावली होती, की जुनी जागा आणि तिच्या थोडं वरची, दोन्ही तिला झेपावीत. त्यावर ओल्या बोंबलांची झालर घातली की सूर खाली उतरायचा, एमिल बोलत होता त्या जागेवर. म्हणून तिथे दिवा लख्ख आणि वर काजवा. बोंबील सुकत जातील तसा सूर चढायचा. सुकले की काढायचे, नवे ओले टाकायचे, की सूर पुन्हा खाली. यंत्राला ताप नव्हता. कणीक होती.

तार त्या दिवशी जवळजवळ सुकलेल्या बोंबलांनी भरलेली होती. शिवदासने मनाशी म्हटलं, उद्या सकाळी हे उतरतील, संध्याकाळी मी बोलेन. आणि इस्पितळातून परतल्यापासून पहिल्यांदा घोरला.

शुक्रवारी कचेरीतून येऊन पाहतो तर तारेवर ताजे, पाणी गळणारे बोंबील. इतकं भरभरून द्यायला दर्याला नेमका तोच दिवस सापडला होता. गावात एक दोरी रिकामी नव्हती. खाली टोपलीशी शेजारची बायजाकाकी उभी होती आणि आपल्या कामाकडे कौतुकाने बघत होती.

"काकी! हे तू टाकतेस?"

"मंग काय तुजा एमिल टाकतो?"

"काकी, हे आत्ताच्या आत्ता उतरव. मला बोलायचंय."

"बोल की. त्यांनी तुजं तोंड धरलंय?"

"व्हय!" शिवदास म्हणाला, आणि मृदंग, कणीक, सूर, सगळं एका दमात सांगितलं. बायजाने ऐकून घेतलं. ती सत्तरीची होती आणि तिने नवऱ्याच्या तोंडून याहून चमत्कारिक सबबी ऐकल्या होत्या.

"उतरवून ठेवू कुठं? वाळूत?"

"टोपलीत."

"वल्ला बोंबील टोपलीत ढीग केला तर सकाळपर्यंत आलिबागेला कळंल. आनि ऐक मेल्या, हे माजे न्हायत. रतनचे हायत."

शिवदासचा कप्पीकडे गेलेला हात मागे आला.

"तुमी इस्पितळात बसलाव. घराला कुलूप. रतनच्या दोऱ्या मोकळ्या. पोर जगली तर पावसाळ्यात खानार काय? मी म्हनलं, हिचा वाटा मी सुकवते. दोऱ्या भरल्या, मंग ही तार दिसली. वर वारा झकास, मांजर पोचत न्हाय. कप्पी बी हाय. दर तीन-चार दिसांनी उतरवते, पुन्ना चढवते. माजी कंबर बग काय झालीय."

रतन दारात येऊन उभी होती. तिने हे ऐकलं होतं. मग ती आली, तिने बायजाच्या हातातली टोपली घेतली आणि म्हणाली, "काकी, तार खाली घे. दोरी मी आनते."

"बांधनार कुठं?"

"बांधायची कशाला? हात हायत."

तिने पडवीतून जाळ्याचा लांब दोर ओढून आणला. एक टोक गंमत बघायला आलेल्या कान्हाच्या हातात दिलं, दुसरं बायजाने कंबरेला गुंडाळलं. मधे मधे आम्हा रिकाम्या मंडळींना उभं केलं. तार उतरली, बोंबील जोडी-जोडीने तारेवरून दोरावर आले, आणि तार फडक्याने पुसून मोकळी वर चढली. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा शिवदासच्या अंगणात कोळीवाडा दोर ताणून ओळीत उभा होता, प्रत्येकाच्या पुढ्यात बोंबलाची झालर. रतनला सगळे म्हणाले, तू बस, अंगात ताकद न्हाय. ती मधोमध उभी राहिली आणि दोर खांद्यावर घेतला.

"हालू नका रं," बायजा म्हणाली. "खाली पडला तर ज्याच्या पुढचा त्यानं धुवून द्यायचा."

पडवीच्या खिडकीतून आवाज आला. खरखर, शीळ, आणि मग एमिल. "शिव. भारतातला शिव. आज शेवटचं. रतन कशी आहे? मी वर ऐकतोय."

शिवदासने काटा वर सरकवला आणि बटण दाबलं. खिडकीतून आम्हाला दिवा दिसला. लख्ख पेटला होता. शिवदास इतका दिव्याकडे बघत राहिला की बोलायचंच विसरला.

"बोल रं मेल्या!" बायजा ओरडली. "हात दुकाया लागले!"

"रतन बरी आहे," शिवदास म्हणाला. आज तो ओरडला नाही. "एमिल, रतन बरी आहे. घरी आहे. बरी आहे."

बटण सोडलं. खरखर. एवढा वेळ खरखर, की कान्हाने दोर सैल सोडला आणि शिव्या खाल्ल्या.

मग एमिल आला. आधी तो फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला, ते कुणालाच कळलं नाही आणि सगळ्यांना कळलं. मग इंग्रजीत म्हणाला, "शिव! जोरात येतोस! इतके दिवस कुठे होतास?"

"इथेच. तारेवर मासे होते."

"काय होतं?"

"मासे. ओले. रतनचे."

खरखर. एमिल बहुधा आपलं इंग्रजी तपासून बघत होता. "बरं," तो शेवटी म्हणाला. "रतन कुठे आहे?"

शिवदासने खिडकीबाहेर पाहिलं. "अंगणात उभी आहे. मासे धरून."

यावर त्या बेटावरून असं हसू आलं, की जपान आणि ब्राझील वाट बघत थांबले होते तेही बहुधा न समजता हसले असतील. हसू संपल्यावर एमिलने नाक ओढलं. म्हणाला, "आजारातून उठलेली बाई उभी कशाला? तिला बसायला सांग. माझा निरोप म्हणून सांग."

शिवदासने खिडकीतून ओरडून सांगितलं, "रतन, तो म्हनतो, बस!"

रतनने दोर दुसऱ्या खांद्यावर घेतला. घाम आला होता, पण चेहरा असा होता की आम्ही सगळे उगीचच समुद्राकडे बघू लागलो.

"त्याला म्हनावं, कशी बसू?" ती म्हणाली. "दोर सैल पडंल. आनि इचारा, आज त्याला तिकडं कोन जेवाया घालनार हाय का न्हाय."